नकार लेखी द्या

लातूर,
५ सप्टेंबर १९८२

ती. बाबा आणि माय यांस,
सप्रेम जय भीम.

मुदखेडहून लातूर रोडपर्यंत गाडीनं आणि पुढं एस.टी.नं मी सुखरूप पोचले. बाबा, तुम्ही वाटेतल्या प्रत्येक स्टेशनचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, गाडी कुठं किती मिनिटं थांबते त्यासकट. त्यामुळं चुकायची सोयच नव्हती. माझ्या डब्यातल्या चार माणसांनी त्या कागदावरून आपापलं स्टेशन गाठलं.

लातूर जिल्हा होऊन तीन आठवडेही झाले नाहीत, पण सगळं गाव ताठ मानेनं चालतंय. ऑफिससमोरचा चहावाला त्याच पातेल्यातल्या चहाला आता जिल्ह्याचा चहा म्हणतो. पाऊस तेवढा रुसलाय. उडीद-मूग वाळून गेले, आणि नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही तासभर. उस्मानाबादहून जुनी दप्तरं ट्रकनं येतात. ती उतरवून घ्यायची, धूळ झटकायची आणि रजिस्टरला चढवायची, हे कनिष्ठ लिपिक कु. पंचशीला पिराजी वाघमारे यांचं काम. दिवसाकाठी पाच वेळा शिंकते, बाकी तब्येत ठीक.

राहण्याची सोय झाली. खोली चांगली ऐसपैस आहे. भिंतींना लागून सागवानी कपाटं आहेत, वर पंखा आहे. सोबतीला तुळजाबाई म्हणून उदगीरच्या एक बाई आहेत, त्या भाकरी फार सुरेख थापतात. घरमालकाचा त्रास अजिबात नाही. तेव्हा काळजी करू नका.

तुमची,
पंचशीला

---

मुदखेड जंक्शन,
१४ सप्टेंबर १९८२

चि. पंचशीला हीस आईबाबांचे आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं आणि सहाव्यांदा असिस्टंट स्टेशन मास्तरांना वाचून दाखवलं. सागवानी कपाटं म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. आता आमच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये सगळ्यांना माहीत आहे की मुकादमाच्या पोरीनं लातुरात हवेली घेतली. मी 'हवेली नाही, खोली' असं सांगतो, पण फार जोर लावत नाही.

तुझी माय म्हणते, एवढी कपाटं पुसणार कोण? मी म्हटलं, आपण आहोत की. नोव्हेंबरअखेर मी रिटायर होतो. पंचवीस वर्षं या क्वार्टरमध्ये काढली, आता तुझ्याकडेच यायचं. माहूरकडच्या गावी आपलं छप्पर कधीच पडलं आणि त्या जागेवर भावकीनं गुरं बांधली, हे तुला माहीतच आहे. क्वार्टर सोडायची तशी काही घाई नाही. पण तयारी असावी म्हणून मी सामानाची यादी करायला घेतली आहे. घराला आड आहे का ते कळव. दुष्काळाच्या दिवसांत आड असलेलं घर म्हणजे मोठीच गोष्ट. शेळी चालेल का, तेही मालकांना विचारून ठेव.

घर मिळायला त्रास झाला नाही, हे वाचून बरं वाटलं. मी जन्मात कधी भाड्याचं घर शोधलं नाही. आमच्याकडे अर्ज करायचा, यादीत नंबर लागला की किल्ली मिळते. लातुरातही तशीच काहीतरी पद्धत असेल असं मी धरून चाललो होतो.

तुझा,
बाबा

---

लातूर,
३ ऑक्टोबर १९८२

ती. बाबा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र बसून वाचा, आणि कृपा करून असिस्टंट स्टेशन मास्तरांना वाचून दाखवू नका.

सागवानी कपाटं आहेत, पण ती सरकारी आहेत. माझी खोली म्हणजे आमच्या ऑफिसची रेकॉर्ड रूम. घरमालकाचा त्रास नाही, कारण घरमालकच नाही. तुळजाबाई आमच्या ऑफिसात शिपाई आहेत. एकट्या विधवा बाईला खोली द्यायला कुणी तयार नाही म्हणून त्याही इथंच पथारी टाकतात. साहेबांनी आम्हा दोघींना महिनाभराची परवानगी दिली होती. तो महिना संपला, आता दुसरा चालू आहे. मी तुम्हाला खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण खरंही फारसं लिहिलं नाही. त्याबद्दल रागवायचं तर रागवा.

तुमची अर्ज आणि नंबराची पद्धत वाचून मला हसू आलं, मग रडू आलं. इथली पद्धत अशी आहे. मी जाते. बाई आत बोलावतात, खोली दाखवतात, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचं कौतुक करतात. मग नाव विचारतात. पंचशीला म्हटलं की वारा पडतो. वाघमारे म्हटलं की खोलीच नाहीशी होते. एका घरी दोन मिनिटांत पुण्याहून जावई येणार असल्याचं ठरलं. एकाला भिंतीचा तडा तेव्हाच दिसला. एका बाईंनी 'आमच्यात मटन चालत न्हाई' म्हणून सांगितलं, आणि मागच्या चुलीवर रस्सा रटरटत होता, वास दारापर्यंत. अशी अकरा घरं झाली. मला राग येतो, मग हसू येतं, मग हसल्याचा राग येतो.

आपल्या वस्तीत मी आनंदानं राहिले असते. पण नव्या जिल्ह्यात बदलून आलेली आपली सगळी माणसं तिथंच शिरली आहेत. एका खोलीत दोन संसार आणि मधे लुगड्याचा पडदा. तिथं आपण तिघं कुठं मावणार?

माय विचारेल, म्हणून सांगते. जेवते वेळेवर.

तुमची,
पंचशीला

---

मुदखेड जंक्शन,
१० ऑक्टोबर १९८२

चि. पंचशीला हीस आशीर्वाद व जय भीम.

रागावलो. दोन दिवस रागावलो. तुझ्यावर अर्धा दिवस आणि बाकीचा त्या अकरा घरांवर. तुझ्या मायनं मला समजावायच्या ऐवजी स्वतःच जास्त राग धरला, मग मलाच तिला समजवावं लागलं.

आता ऐक. आमच्या कामात एक नियम आहे. तोंडी हुकमावर रूळ आवळणारी एक चावीसुद्धा ढिली करायची नाही. साहेब असो की साहेबाचा साहेब, आधी लेखी द्या. कारण तोंडानं बोललेलं माणूस संध्याकाळी विसरतो, आणि गाडी उलटली की मुकादम सापडतो.

१९५७ साल. आपण दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं आणि मी गँगमध्ये नवा होतो. तेव्हाच्या मुकादमानं पाण्याच्या माठाशेजारी माझ्यासाठी वेगळं मडकं ठेवलं. मी भांडलो नाही. मी साहेबांकडे अर्ज दिला, की वेगळ्या मडक्यातून पाणी पिण्याचा मला लेखी हुकूम मिळावा, म्हणजे मला तो नीट पाळता येईल. साहेबांनी मुकादमाला बोलावून सांगितलं, लिही. मुकादम तासभर कागदाकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी मडकं गेलं. पुढं तोच माणूस तुझ्या बारशाला गूळ घेऊन आला.

तेव्हा तू आता असं कर. नाही म्हणाले की भांडू नकोस, रडू नकोस. कागद पुढं कर आणि म्हण, खोली देता येत नाही, का देता येत नाही, ते लेखी द्या आणि खाली सही करा. कागद आपला, पेन आपलं. त्यांना खर्च काही नाही.

क्वार्टरची काळजी करू नकोस. मार्चपर्यंत कुणी विचारत नाही.

तुझा,
बाबा

---

लातूर,
२१ नोव्हेंबर १९८२

ती. बाबा आणि माय,
सप्रेम जय भीम.

दीड महिना पत्र नाही म्हणून माय कातावली असेल. पण मी लेखी कामात गुंतले होते.

बाबा, तुमचा उपाय म्हणजे कमाल आहे. पहिल्या घरचे गृहस्थ कागद बघून 'आलोच हात धुवून' म्हणाले. मी पाऊण तास बसले. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात इतके हात कुणी धूत नाही. दुसऱ्या घरी नवऱ्यानं बायकोला सांगितलं, तू सही कर. बायको म्हणाली, तुम्ही म्हणालात न्हाई, तुम्हीच करा. मी निघाले तेव्हा त्यांचं भांडण तिच्या माहेरापर्यंत पोचलं होतं.

किशनराव म्हणून कापडदुकानदार आहेत, त्यांनी मात्र लिहून दिलं. 'आमचे येथे खोली नाही, कळावे.' खाली झोकदार सही. त्यांच्या दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मी म्हटलं, सही खरी असेल तर पाटी उतरवा, दोन्ही खरं कसं असेल? बिचाऱ्यांनी उतरवली. आता पाटी नाही म्हणून त्यांना भाडेकरूच मिळत नाही. रस्त्यात मला पाहिलं की ते पलीकडच्या बाजूनं जातात.

आता खरी गोष्ट. गंजगोलाई बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत रेवणप्पा नावाचे म्हातारे राहतात. चाळीस वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, निजामाच्या वेळी उर्दूत, पुढं मराठीत. घरात ते आणि त्यांच्या पत्नी गौरम्मा, दोघंच. अंगणापलीकडच्या दोन खोल्या रिकाम्या. नाव ऐकून तेही 'न्हाई जमनार' म्हणाले. मी कागद पुढं केला. ते हसले. म्हणाले, "लिहिन्याचं भ्या मला दाखवतीस व्हय, पोरी?" आणि चौरंग ओढून बसलेच.

पहिल्यांदा लिहिलं, खोल्या रिकाम्या नसल्यामुळे. गौरम्मा दारातून म्हणाल्या, "रिकाम्याच हायत की." त्यांनी कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, घरी लग्नकार्य निघाल्यामुळे. गौरम्मा म्हणाल्या, "कुनाचं? आपल्याला लेकरू तरी हाय का?" तोही फाडला. तिसऱ्यांदा फार वेळ थांबून लिहिलं, आपण बौद्ध असल्यामुळे. आणि तिथं पेन थांबलं. पुढं जाईना. शाईचा ठिपका वाढत वाढत पावलीएवढा झाला.

शेवटी म्हणाले, "वाचायला लई वंगाळ दिसतंय हे."

मी म्हटलं, "ऐकायलाही तसंच लागतं, आजोबा. आज सतरावं घर आहे."

त्यांनी कागद बाजूला सारला. मग पेन पुसून म्हणाले, "जल्मभर लोकांचं खोटं लिहिलं म्या. सही त्यांची असायची. ह्याच्याखाली माजी सही हुईना. आठ-पंधरा दिसांनी ये." गौरम्मांनी मला पोहे दिले, स्टीलच्या बशीत, त्यांच्या नेहमीच्याच. मी बघून घेतलं.

तुमची,
पंचशीला

---

मुदखेड,
५ डिसेंबर १९८२

पंचशीले,

मी तुझी माय भामाबाई, हे पत्र माझ्या हातानं लिहून राहिले. प्रौढ वर्गात शिकले तेवढंच. ओळी तिरप्या जातील, सरळ करून वाच.

तुझ्या बाबाला गेल्या आठवड्यात निरोप दिला. हार घातले, घड्याळ दिलं. भाषणात सगळे रडले, ह्यो एकटा हसत होता. घरी आल्यावर कोपऱ्यात तोंड करून बसला.

तुला मार्च सांगितलं ते खोटं हाय. क्वार्टर एकतीस जानेवारीला रिकामं करायचं हाय. नवा मुकादम दोनदा येऊन गेला, त्याची बाज कुठं बसते ते मोजून. माणूस चांगला हाय, चहा पिऊन गेला. बाबा म्हणतो पोरीला घाई करू नको, ती कसलं तरी घर धरंल आणि मान खाली घालून राहील. मला तसं वाटत न्हाई. माझी पोरगी मान खाली घालत न्हाई. पण तिला तारीख ठाव असावी. म्हणून हे चोरून लिहिलं.

अर्ज लिहिणारा म्हातारा काय म्हणतो ते कळव. त्याच्या बायकोला माझा जय भीम सांग. बाई खरं बोलणारी दिसते.

शेळी विकली.

तुझी,
माय

---

लातूर,
१९ डिसेंबर १९८२

ती. माय आणि बाबा,
सप्रेम जय भीम.

माय, तुझं पत्र मी सरळ करून वाचलं. बाबा, तुम्हाला कळलंच आता. माझी रेकॉर्ड रूम आणि तुमचा मार्च, आपण फिट्टंफाट समजू.

रेवणप्पा खोल्या द्यायला तयार झाले. हे वाक्य लिहून इथंच पत्र संपवावं असं मला फार वाटतंय. पण पुढचं ऐका.

त्यांच्या अंगणात आड आहे. यंदा सगळ्या गल्लीचे आड कोरडे पडले, ह्याला मात्र खाली दोन पुरुष पाणी आहे. आसपासच्या आठ-दहा घरच्या बाया तिथंच येतात. रेवणप्पा म्हणाले, "खोल्या घ्या, सुखानं ऱ्हावा. फकस्त आडाला हात लावू नका. लोक बोलतेत. तुमच्या घागरी गौरम्मा भरून देईल, वरून वतंल."

बाबा, मला तारीख माहीत होती. खोल्या इतक्या छान आहेत, मायला आवडतील अशी ओसरी आहे. माझ्या तोंडात हो आलं होतं. मग मी तुमचं मडकं आठवलं आणि कागद पुढं केला. म्हटलं, 'भाडेकरूने आडास शिवू नये', एवढं भाडेचिठ्ठीत लिहा आणि सही करा, म्हणजे मी घरी दाखवीन. ते कागदाकडे बघत राहिले. मी थोडा वेळ थांबले आणि उठून आले.

जिन्याशी गौरम्मा उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा काही होता की त्या हिशेब करताहेत. कसला ते मला कळलं नाही.

आता मला भीती वाटते. मी तुमच्या डोक्यावरचं छप्पर एका दोरासाठी घालवलं का? तुळजाबाई म्हणतात, लई शानपनाचं केलंस. पण तुळजाबाईंना एकतीस जानेवारीला कुठलं क्वार्टर सोडायचं नाही. चुकले असेन तर तसं लिहा. मी परत जाऊन हो म्हणेन.

तुमची,
पंचशीला

---

मुदखेड जंक्शन,
२७ डिसेंबर १९८२

चि. पंचशीला,

कार्ड आहे, थोडक्यात लिहितो. चुकली नाहीस. परत जाऊ नकोस.

आम्हाला जागा नाही मिळाली तर मी आणि तुझी माय रुळाकाठी पाल ठोकू. पंचवीस वर्षं दिवसभर तिथंच तर होतो. नवा मुकादम म्हणतो, मागची पडवी वापरा. तुझी माय म्हणते, पडवी त्याची, चूल माझी, मग त्याच्या बायकोशी माझं जमणारच. तिनं सामान बांधून ठेवलं आहे. जायचं कुठं ते ठरलं नाही, पण गाठोडी तयार आहेत. मला हसू येतं तिचं.

तू अंगावर शाल घेऊन झोप. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल.

बाबा

---

लातूर,
१४ जानेवारी १९८३

श्री. पिराजी लिंबाजी वाघमारे, निवृत्त मुकादम, रेल्वे, मुक्काम मुदखेड जंक्शन, यांचे सेवेशी.

अर्जदार: रेवणप्पा शिवलिंगप्पा, धंदा अर्जनवीसी, राहणार लातूर.

विषय: आपण सहकुटुंब आमचे घरी राहावयास येणेबाबत.

मेहेरबान साहेब,

अर्ज करतो तो असा की, अर्जदाराने आपल्या हयातीत इतरांचे वतीने अंदाजे चाळीस हजार दरखास्ती लिहिल्या असून, स्वतःचे नावाने ही पहिलीच आहे. सबब काही चूकभूल झाल्यास माफी असावी.

आपली कन्या कु. पंचशीला हिने अर्जदाराकडे खोल्यांची मागणी केली असता अर्जदाराने प्रथम नकार दिला, व तो लिहून मागितला असता त्यास लिहिता आला नाही. नंतर आडास न शिवण्याचे अटीवर होकार दिला, तीही अट लिहिता आली नाही. यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही.

त्या दिवशी सायंकाळी अर्जदाराची पत्नी गौरम्मा हिने अर्जदारास जो सवाल केला तो येणेप्रमाणे: "तीन मानसं म्हंजे दिसाला धा घागरी. त्या म्या वडायच्या? नेम तुमचा अन् दोर माज्या हातात? म्या त्यांची पानक्या व्हय?" अर्जदाराने साठ वर्षांत या नेमाचा असा विचार केला नव्हता. विचार केला असता, ज्यांना दूर ठेवावयाचे त्यांचेच घरी आपली पत्नी जन्मभर पाणी भरील असा त्याचा मतलब निघतो. पत्नीचा उजवा खांदा दुखतो हेही तिने नमूद केले. दुसरे दिवसापासून तिने अर्जदाराची घागरही ओढणे बंद केले. अर्जदाराने अकरा दिवस स्वतः पाणी ओढले, व त्याचेही खांदे आता दुखतात.

अर्जदाराने गल्लीत जाहीर केले की, नवे भाडेकरू इतरांप्रमाणेच आडाचे पाणी भरतील. त्यावर दोन घरांनी आपण यापुढे या आडावर येणार नाही असे कळविले. अर्जदाराने त्यांचे आभार मानले, कारण टंचाईचे दिवसांत तेवढेच पाणी उरेल. सदर दोन्ही घरे तिसरे दिवशी घागरी घेऊन हजर झाली. त्यांना कोणी काही बोलले नाही. गौरम्मा मात्र हसली, त्याला अर्जदाराचा इलाज नव्हता.

यानंतर अर्जदाराने कन्येस ऑफिसात जाऊन समक्ष विचारले. तिने सांगितले की, घर आई-वडिलांसाठी घ्यावयाचे आहे, तरी त्यांनाच लिहावे, व लेखी लिहावे. म्हणून हा अर्ज. सोबत भाडेचिठ्ठी जोडली असून तीत दोन खोल्या, ओसरी व आडाचे पाणी असे स्पष्ट लिहिले आहे. सही केली आहे. हात अडखळला नाही.

अर्जदार यास उपकार म्हणत नाही. ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीच व्हावयास हवी होती. घर मोठे आहे, माणसे दोनच आहेत, व ती दोघे एकमेकांशी बोलून दमली आहेत.

तरी मेहेरबानांनी अर्जाचा विचार करून योग्य तो हुकूम द्यावा, ही विनंती.

अर्जदार,
रेवणप्पा शिवलिंगप्पा

---

मुदखेड जंक्शन,
२० जानेवारी १९८३

श्री. रेवणप्पा शिवलिंगप्पा यांस,
सप्रेम जय भीम.

आपला अर्ज मिळाला. तो मी घरात मोठ्यानं वाचला. भामाबाईनं अर्ध्यावरच पदर डोळ्याला लावला, आणि गौरम्मांचा सवाल आला तेव्हा तशीच हसत सुटली. मी 'जरा लाइन बघून येतो' म्हणून बाहेर पडलो. सिग्नलपर्यंत चालत गेल्यावर ध्यानात आलं की मी रिटायर झालोय, माझी लाइन बघायची राहिलेली नाही. पण तिथं थोडा वेळ उभा राहिलो. बरं वाटलं.

मी आयुष्यात पुष्कळ अर्ज केले. कुणी माझ्याकडे अर्ज करील असं वाटलं नव्हतं, त्यामुळं हुकूम कसा लिहितात याची मला सवय नाही. चूकभूल आपणही माफ करावी.

अर्जाचा विचार केला. आपण यात काही लपवलं नाही, आणि उपकार हा शब्द काढून ठेवलात, म्हणून विचार करायला फार वेळ लागला नाही. भाडेचिठ्ठीवर मीही सही केली आहे, ती सोबत पाठवतो. पोरीला वेगळं पत्र लिहीत नाही. ऑफिसात जाऊन आपणच तिला हे वाचून दाखवा. ती रडली तर तिला रडू द्या. पाच महिने ती पोटभर रडली नाही, हे तिच्या प्रत्येक पत्रातून मला दिसत होतं.

एक विचारायचं आहे. तुळजाबाई म्हणून पोरीच्या सोबतीण आहेत, त्यांनाही कुणी जागा देत नाही. भामाबाई म्हणते, दोन खोल्यांतली एक पोरगी आणि त्या वाटून घेतील. आपली हरकत असल्यास लेखी कळवावं.

आम्ही एकोणतीस तारखेला निघतो, तीसला दुपारपर्यंत दारात असू. सामान चार गाठोडी, एक पाटा-वरवंटा आणि एक तसबीर, तिला ओसरीवर जागा लागेल. पोचल्याबरोबर पहिली घागर भामाबाई ओढणार आहे, तसं तिनं आजच सांगून ठेवलंय. गौरम्मांनी दोराला हात लावू नये. त्यांनी आडाच्या काठावर तिच्याजवळ बसावं आणि गल्लीत कोण कसं आहे ते सांगावं.

अर्ज मंजूर.

आपला भाडेकरू,
पिराजी लिंबाजी वाघमारे